तुम्ही विचारलंत म्हणून: ६१७४ आणि गाळलेलं शून्य

"सर, ६१७४ येतंच म्हणता, आमचं तर शून्य आलं!" मांडवी पुलावर गाड्या तुंबल्या की पोरं पुढच्या गाडीचा चार अंकी नंबर घेतात, अंक उतरत्या क्रमाने लावतात, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करतात, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच, शेवटी ६१७४ येईपर्यंत. आणि मग हा प्रश्न येतो. इतक्यांदा आलाय की आता एकदाच सविस्तर सांगतो.

नंबर २१११ धरा. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. घोटाळा इथेच होतो. ९९९ कसंही फिरवा, ९९९च, वजाबाकी शून्य. पण आपण चार घरांत काम करतोय, तेव्हा उत्तर ०९९९ असंच लिहायला हवं. मग ९९९० − ०९९९ = ८९९१. ९९८१ − १८९९ = ८०८२. ८८२० − ०२८८ = ८५३२. ८५३२ − २३५८ = ६१७४. पाचव्या पायरीला पोचलो. १००० ते ९९९९ मध्ये असे फसवे आकडे ६८ आहेत, सगळे एकाच घडणीचे: तीन अंक सारखे, चौथा एकाने कमी किंवा जास्त. यात पोरांची चूक नाही. चूक शून्य राखायचं न सांगणाऱ्याची, आणि पूर्वी मीही ते सांगत नसे.

दुसरा प्रश्न, ही जादू कसली? जादू म्हटलं की मला राग येतो. देवळालीच्या द. रा. कापरेकर मास्तरांनी १९४९ साली मांडलेलं हे साधं गणित आहे. वजाबाकीचं उत्तर दोनच फरकांवर ठरतं: सर्वांत मोठा अंक वजा सर्वांत लहान, त्याची ९९९ पट, मधल्या दोघांतला फरक, त्याची ९० पट. दोन्हींची बेरीज. त्यामुळे ०००० ते ९९९९ मधल्या, चारी अंक सारखे नसलेल्या ९९९० संख्या पहिल्याच वजाबाकीत ५४ उत्तरांत गोळा होतात. ६१७४ चे फरक ६ आणि २. ५९९४ अधिक १८०, पुन्हा ६१७४. म्हणून गाडी तिथे थांबते, आणि कुठूनही निघा, सातव्या पायरीच्या पुढे जावं लागत नाही.

कबूल करतो, हा गुण दहाच्या पायावर, म्हणजे आपल्या नेहमीच्या ० ते ९ या दहा अंकांत, लिहिण्याचा आहे. आठाच्या पायावर, म्हणजे ० ते ७ एवढेच अंक वापरले तर, हीच संख्या १४०३६ होते, पाच अंकी, आणि खेळच उरत नाही. दहाच्या पायावरसुद्धा पाच अंक घेतले तर एका संख्येवर थांबणं नाही, नुसती चक्रं: ५३९५५, ५९९९४, पुन्हा ५३९५५.

मग ६१७४ चं स्वतःचं काय? १८ + १८² + १८³ म्हणजे ६१७४. ते कुठल्याही पायावर लिहा, खरंच राहतं. ६ + १ + ७ + ४ सुद्धा १८च. या दोन अठरांचा एकमेकांशी संबंध आहे असं मी म्हणणार नाही. नाही, असंही अजून म्हणवत नाही.