नवी सायकल, पहिले तीनशे किलोमीटर: मंडई, खडकवासला, सिंहगड

सिंहगडाच्या घाटात सकाळी सातच्या सुमारास नवी सायकल रंगावरून नाही, आवाजावरून ओळखू येते. प्रत्येक पॅडलला ‘कट’ असा आवाज करणारी क्रँक (पॅडल जिला लागलेलं असतं ती दांडी), दोन गिअरांच्या मधे अडकून खडखडणारी चेन, आणि उतरताना वळणावळणावर किंचाळणारे ब्रेक. यातली एकही सायकल खराब नसते. घरी येऊन आठवडा व्हायच्या आत ती गडावर आणलेली असते, एवढंच.

हा वृत्तांत अशाच एका सर्वकामी सायकलच्या पहिल्या तीन टप्प्यांचा आहे: आधी पेठा, मग खडकवासला, मग गड. चौकट अ‍ॅल्युमिनियमची, टायर ७०० बाय ३८, वायरवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढे ४६-३० दातांच्या दोन चकत्या, मागे ११ ते ३४ दातांचे नऊ गिअर, कॅरिअर आणि मडगार्ड बसवण्यासाठी आटे दिलेले. ऑफिस, भाजी आणि रविवारचा घाट हे सगळं एकाच सायकलवर करायचं असेल तर पुण्यात साधारण असाच साचा उपयोगी पडतो. याहून बारीक टायर सिमेंटच्या रस्त्यांमधल्या लांब फटीत अडकतात. त्याहून जाड घेतले तर रोजच्या वापरात जड पडतात.

घरातून बाहेर पडण्याआधी

आधी पॅडल. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. ते उजव्यासारखं आवळायला गेलात तर अ‍ॅल्युमिनियमच्या क्रँकमधले आटे जातात आणि मग नवी क्रँकच घ्यावी लागते. आट्यांना थोडं ग्रीस लावा, सुरुवातीचे तीन-चार फेरे बोटांनीच फिरवा, मगच पाना लावा. बोटांनी फिरत नसेल तर आटा वाकडा धरलेला असतो. जोर लावू नका, काढून पुन्हा बसवा.

मग ब्रेक. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, स्कूटरसारखाच. काही मॉडेलांत मात्र तो डावीकडे येतो. पहिल्याच सिग्नलला गाडी आडवी आली आणि हाताने सवयीने भलताच ब्रेक दाबला तर काय होईल, हे सांगायला नको. लिव्हर दाबून कुठलं चाक अडतं ते पाहा. उलटं असेल तर दुकानात वायरी बदलून घ्या, तासाभराचंही काम नाही.

नवे डिस्क ब्रेक पहिल्या दिवशी धरत नाहीत, कारण पॅडचा पातळ थर अजून डिस्कवर बसलेला नसतो. पहाटे मोकळा, सपाट रस्ता बघा. तासाला वीस किलोमीटरच्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत या, पूर्ण थांबू नका, चाक लॉक होऊ देऊ नका. पुढच्या ब्रेकने वीस वेळा आणि मागच्याने वीस वेळा. दहाव्या-बाराव्या वेळेपासून पकड वाढलेली हाताला जाणवते. हे केलं नाही तर थर ठिपक्याठिपक्यांनी बसतो, आणि घाटातल्या किंचाळण्याचं एक मोठं कारण तेच असतं.

दुसरं कारण तेल. चेनला मारलेला स्प्रे डिस्कवर उडतो. म्हणून चेनला थेंबाथेंबानेच तेल द्यायचं, स्प्रे नाही. डिस्कला तेल लागलंच तर मेडिकलमध्ये मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सॅनिटायझर चालत नाही, त्यातलं ग्लिसरीन डिस्कवरच राहतं.

पेठांमध्ये सत्तर किलोमीटर

पहिला आठवडा लांब जायची गरजच नाही. डेक्कनहून शनिवार पेठ, लक्ष्मी रस्ता, मंडई, परत. रोज दहा किलोमीटर झाले तरी पुरे. शहरात दर दोनशे मीटरवर थांबावं लागतं, गिअर सतत बदलतात, गतिरोधक येतात. सायकल बसवायला याहून चांगला रस्ता नाही. एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात आज सायकलवाल्याला रस्ता देण्याची पद्धत उरलेली नाही, त्यामुळे घंटी हवीच. ती ऐकली जाईल या भरवशावर मात्र राहू नका.

पन्नासेक किलोमीटरनंतर गिअर कुरकुरायला लागतात. वायर ताणली गेली असं म्हणतात, पण खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. वायरचं बाहेरचं कव्हर टोकाच्या टोप्यांमध्ये घट्ट बसतं आणि वायर ढिली पडते. मागच्या मोठ्या चकतीवर, म्हणजे हलक्या गिअरवर जाताना चेन अडखळत असेल, तर मागच्या डिरेलरजवळची (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाजवळची) गोल बॅरल घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवा आणि पाहा. उलट, लहान चकतीवर उतरताना अडखळत असेल तर पाव फेरा दुसरीकडे. एका वेळी पावच. डिरेलरवरचे दोन छोटे स्क्रू मात्र हलवू नका. चेन किती आत-बाहेर जाऊ शकते ते त्यांनी ठरतं. चुकलात तर चेन आऱ्यांमध्ये जाते आणि डिरेलरच मोडतो.

मंडईच्या फेरीत कॅरिअरची परीक्षा होते. दोन बाजूंना पिशव्या लावून आठ-दहा किलो भाजी आली की पहिल्यांदा दोन गोष्टी कळतात. एक, टाच पिशवीला लागते का. लागत असेल तर पिशवी मागे सरकवा. दोन, कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात का. चारही बोल्टना निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) लावलेलं असेल तर सुटत नाहीत. कांदे-बटाटे खाली, पालेभाजी वर. वजन वर गेलं की वळताना सायकल झोके खाते. स्टँडही एका पायाचा असेल तर भरलेली सायकल हमखास कलंडते, रोज भाजी आणायची असेल तर दोन पायांचा घ्या.

हवेबद्दल दोन शब्द. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तेवढी भरायची नसते. सत्तर किलोच्या माणसाला ३८ च्या टायरमध्ये पुढे ४० आणि मागे ४५ पीएसआय पुरते. मागे भार असेल तर पाच वाढवा. व्हॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा असेल तर पंक्चरवाल्याच्या पंपाला तो बसत नाही. पितळेचा छोटा अ‍ॅडाप्टर कायम व्हॉल्व्हलाच लावून ठेवा. पेट्रोल पंपावरची हवा टाळलेली बरी, सायकलची ट्यूब दोन सेकंदांत फुटू शकते.

खडकवासला: जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर

आठवड्याने पहिली लांब फेरी. दांडेकर पुलापासून सिंहगड रस्त्याने धरणापर्यंत साधारण पंधरा-सोळा किलोमीटर. राजाराम पूल, विठ्ठलवाडी, वडगावचा पूल, धायरी फाटा, नांदेड फाटा, किरकटवाडी फाटा, मग धरणाची भिंत. सकाळी साडेपाचला निघा. उड्डाणपूल लागले की वर चढू नका, खालचाच रस्ता घ्या. वर कडेला जागा नसते आणि मागून येणाऱ्याला थांबायची इच्छाही नसते. धायरी फाट्यापर्यंत डाव्या कडेच्या ड्रेनेजच्या झाकणांवर नजर ठेवा. काही रस्त्याच्या खाली चार बोटं बसलेली आहेत. कडेला चिकटून जाण्यापेक्षा कडेपासून हातभर आत चालवणं सुरक्षित.

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. जाताना दम लागला म्हणून घाबरू नका, परतीला तोच वारा सायकल ढकलतो.

धरणावर पोचल्यावर, चौपाटीवर कणसं भाजायला लागायच्या आत, पाच मिनिटं सायकलकडे पाहा. तासाभराच्या सलग फेरीनंतर जे कळतं ते पेठांत कळत नाही. सीटचा दांडा खाली सरकला का? निघताना दांड्यावर इन्सुलेशन टेपची एक पट्टी लावली असेल तर लगेच दिसतं. तळहात बधिर झाले असतील तर सीटचं टोक बहुधा खाली झुकलेलं असतं. सीट सपाट करा, हॅण्डलला हात नंतर लावा. गुडघ्याच्या पुढच्या भागात दुखत असेल तर सीट खाली आहे. टाच पॅडलवर ठेवून पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. मग पावलाचा पुढचा भाग ठेवला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. पाच मिलिमीटरच्या पुढे एका वेळी बदलू नका.

आणि आरे. नवीन चाकाचे आरे मधल्या हबच्या भोकांत आणि रिमवरच्या निपलमध्ये, म्हणजे आरे आवळायच्या छोट्या नटांमध्ये, पहिल्या शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये बसतात, त्यामुळे ताण उतरतो. रिम ब्रेकच्या सायकलीत चाक आऊट झालं, म्हणजे डावी-उजवीकडे डुलायला लागलं, की ब्रेक घासतो आणि कळतं. डिस्कच्या सायकलीत ब्रेक रिमला लागतच नाही, त्यामुळे चाक आऊट होऊन महिनाभर चालवलं तरी पत्ता लागत नाही. शेवटी एक आरा तुटतो आणि मगच लक्ष जातं. चौकटीवर बोट टेकवून रिमपासून जरासं लांब धरा आणि चाक फिरवा. फट दोन मिलिमीटरहून जास्त बदलत असेल तर आऊट काढून घ्या. आरे नखाने छेडून पाहा. मागच्या चाकात गिअरच्या बाजूचे जास्त ताणलेले असतात, पण एकाच बाजूच्या आऱ्यांचा सूर साधारण सारखा यायला हवा. एखादा ‘थद्द’ वाजला तर तो ढिला.

गडाच्या आधी

दोनशे-अडीचशे किलोमीटर झाले की दुकानातली पहिली सर्व्हिस करून घ्या. मेकॅनिकला नुसतं ‘सर्व्हिस’ म्हणू नका, धुऊन तेल घालून देतील. नेमकं सांगा: दोन्ही चाकांचा आऊट, क्रँकचे बोल्ट, हेडसेटचा (हॅण्डल फिरतं तिथल्या बेअरिंगचा) खेळ, गिअर आणि ब्रेकच्या वायरी. चौकोनी अ‍ॅक्सलच्या क्रँकचा बोल्ट ३५ ते ४० न्यूटन मीटर जोराने आवळावा लागतो. आणि डावी क्रँक विशेष पाहा. ती ढिली असताना पंचवीस किलोमीटर जरी चालवली तरी तिचं चौकोनी भोक गोल व्हायला लागतं, आणि मग कितीही आवळली तरी ती घट्ट राहत नाही. घाटातला तो ‘कट’ आवाज बरेचदा इथूनच येतो.

सिंहगड

धरणापासून गोऱ्हे बुद्रुकवरून डोणजे फाटा, तिथून डावीकडे गोळेवाडी, आणि चढ सुरू. सरळ गेलात तर खानापूर आणि पानशेत. घाटरस्ता आठ-नऊ किलोमीटरचा, चढ जवळपास सहाशे मीटर. सरासरी सात टक्क्यांच्या आसपास येते, पण सरासरी फसवते. काही वळणांवर दहाच्या वर जातो.

पुढे ३० आणि मागे ३४ दातांच्या सगळ्यात हलक्या गिअरवर, मिनिटाला साठ पॅडल मारली तर वेग तासाला सात किलोमीटरच्या जवळ येतो. म्हणजे वर पोचायला सव्वा तास. याहून जड गिअरची सायकल असेल तर साठ पॅडल मारण्यासाठी त्या प्रमाणात जास्त ताकद लागते, आणि ती नसली की पॅडल चाळीसवर येतात, गुडघे बोलायला लागतात. गिअर वळण येण्याआधी बदला. चढावर पॅडलवर पूर्ण भार असताना बदललात तर चेन तुटू शकते. पुढची चकती लहान करायची असेल तर गोळेवाडीतच करून घ्या.

पाणी दोन लिटर. पंक्चरची दुकानं डोणजेपर्यंत आहेत, पण ७०० च्या ट्यूब त्यांच्याकडे असतीलच असं नाही, म्हणून दोन स्वतःच्या न्या. काटा बाभळीचा असो किंवा ट्रकच्या टायरमधली केसासारखी तार असो, नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापूस फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे काटा. हे न करता ट्यूब बदललीत तर अर्ध्या किलोमीटरवर पुन्हा पंक्चर.

वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. खाऊन वीस मिनिटं बसा, माकडांपासून पिशवी सांभाळा, आणि नऊच्या आत उतरायला लागा. रविवारी त्यानंतर गाड्यांची रांग वर यायला लागते आणि वळणावर समोरून कोण कुठल्या बाजूने येईल सांगता येत नाही. पावसाळ्यात दरडी पडतात, घाट मधेच बंद होतो, निघण्याआधी चौकशी करा.

उतार हाच नव्या ब्रेकचा खरा पेपर. ब्रेक सतत हलका दाबून ठेवू नका, त्याने डिस्क तापत राहते. सरळ रस्त्यावर वेग येऊ द्या, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग कमी करा, वळणात सोडा. लिव्हर हॅण्डलच्या जवळ यायला लागली तर थांबा, पाच मिनिटं थंड होऊ द्या. डिस्कला बोट लावू नका, भाजतं. वायरवरच्या अशा डिस्क ब्रेकमध्ये बहुधा आतला पॅड जागचा हलत नाही. झिजला की कॅलिपरच्या (पॅड धरणाऱ्या भागाच्या) मागच्या स्क्रूने तो डिस्कजवळ आणायचा असतो. नुसती वायर ओढत राहिलात तर एकच पॅड काम करतो आणि डिस्क एका बाजूला वाकते. डोणजे फाट्यावर उतरून चहा घेता घेता डिस्कचा रंग पाहा. निळसर झाक आली असेल तर ब्रेक जास्त वेळ दाबला गेला आहे.

यानंतरची फेरी बोपदेवची. कोंढव्याहून चढून सासवड, आणि परत दिवे घाटाने हडपसर. दिवे घाटात जड वाहनं असतात, म्हणून सकाळी लवकर. पालखी घाटातून जाते त्या दिवशी हा बेत ठेवू नका, वाहतूक वळवलेली असते. पालखीबरोबरच जायचं असेल तर सायकल घरी ठेवून पायी जा.