गच्चीवरचे टोमॅटो: कापून खायच्या वाणांची यंदाची नोंद

आमच्याकडे थालीपिठासोबत टोमॅटोच्या जाड चकत्या लागतात, नुसतं मीठ भुरभुरवून. मंडईतला टोमॅटो त्या कामाचा नाही. विळीवर धरला की साल दाद देत नाही, आणि दिली की आतलं पाणी नि बिया ताटभर. म्हणून यंदा पुण्यातल्या आमच्या गच्चीवर फक्त कापून खायचे टोमॅटो लावले: चेरोकी पर्पल, ब्लॅक क्रिम, ब्रँडीवाइन हे परदेशी वाण आणि तुलनेला आपला पुसा रुबी.

बी टाकलं २८ ऑगस्टला, कोकोपीट आणि गांडूळखतात. पहिला घोळ ट्रेमध्येच. ब्रँडीवाइनचं पान बटाट्याच्या पानासारखं असतं, कडा सरळ, कातरे नाहीत. तिसऱ्या-चौथ्या पानाला ते स्पष्ट कळतं. माझ्या सहापैकी चार रोपांना साधी कातरलेली पानं, म्हणजे बी भेसळीचं! विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं, फळ धरेपर्यंत थांबा. तीन महिने एक बादली अडवून? चारही उपटली.

३० सप्टेंबरला रंगाच्या २० लिटरच्या बादल्यांत हलवली. खालची पानं काढून खोड खोल गाडलं, कारण गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. हे वाण वाढायचे थांबायचं नाव घेत नाहीत. दर रविवारी बगलफुटवे (पानाच्या बगलेतून फुटणारे कोंब) काढले, तरी सहा फुटी बांबू डिसेंबरात कमी पडला आणि सुतळी कपडे वाळत घालायच्या दांडीला बांधली.

ऑक्टोबर हीटने ब्रँडीवाइनचे फुलांचे पहिले दोन्ही घोस गाळले. दिवसा ३२-३३ अंश आणि रात्रीही उकाडा असला की मोठ्या फळांचे वाण फारच नखरे करतात. नोव्हेंबरात रात्री गार झाल्या तेव्हा फळ धरलं. रोज सकाळी घोसाला टिचकी मारत होते, परागकण पडायला.

दिवाळीत चार दिवस गावाला गेलो. परत आले तर ब्लॅक क्रिमच्या तीन फळांची बुडं काळी. कुंडीत कॅल्शियम असतं, पण पाणी तुटलं की ते फळापर्यंत पोचत नाही. अंड्याच्या टरफलांची पूड सुचवू नका. ती मातीत विरघळायला कितीतरी महिने लागतात. आता वरून वाळक्या पानांचा थर आणि पाणी ठरल्या वेळी.

आता चव. पुसा रुबी सगळ्यांत आधी पिकला, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आंबट, रसाळ, साराला उत्तम, चकतीला नाही. चेरोकी पर्पल नाताळच्या सुमारास. मळकट गुलाबी रंग, देठाजवळ हिरवं. आईने पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा नासलाय!" मग एक फोड खाल्ली आणि उरलेला टोमॅटो स्वतःच्या ताटात ओढला.

देठाजवळचा तो हिरवा भाग, म्हणजे खांदा, लाल व्हायची वाट बघू नका, बोटाने दाबून बघा. बाजारातल्या टोमॅटोंचा रंग सगळीकडे एकसारखा यावा म्हणून पैदासकारांनी खांदा नसलेली झाडं निवडत आणली. २०१२ मध्ये संशोधकांना दिसलं की त्याच जनुकबदलामुळे कच्च्या फळातलं हरितद्रव्य कमी होतं आणि साखरही घटते. म्हणजे खांदा गेला, गोडवाही थोडा गेला.

ब्लॅक क्रिम अजून काळसर, मऊ, चवीला किंचित खारट. मीठ न लावताही चालतो. पण एक दिवस पाणी जास्त झालं की तडकतो. ब्रँडीवाइनची दोन झाडांना मिळून पाच फळं, सर्वांत मोठं ४१० ग्रॅम. एका चकतीत पूर्ण थालीपीठ झाकलं. चव? चौघांत पहिला नंबर, वादच नाही. पण पाच फळांसाठी दोन बादल्या!

बुलबुलांनी दोन फोडल्यावर मी फळं रंग पालटताच काढायला लागले. ओट्यावर पिकतात, चवीत मला फरक जाणवला नाही. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका, थंडीने वास मरतो.

पुढच्या वर्षी चेरोकी पर्पल चार बादल्या, ब्लॅक क्रिम दोन, ब्रँडीवाइन एकच, हट्ट म्हणून. चेरोकीचं बी गरासकट वाटीत आंबत ठेवलंय. आज तिसरा दिवस, वर पांढरी साय धरलीय, आणि आईने वाटी ओट्यावरून उचलून खिडकीबाहेरच्या कठड्यावर नेऊन ठेवलीय.