धनुष्यावर सही

हिकरी नावाच्या चिवट लाकडाचं धनुष्य घासूनपुसून तयार झालं. उरली फक्त सही, आणि आजचा अख्खा दिवस त्यातच गेला!

हिकरीच्या वार्षिक वलयांत बारीक छिद्रांच्या रेघा असतात. कोऱ्या लाकडावर फाउंटन पेन टेकवलं की शाई त्या रेघांतून सुसाट पळते, ‘४’ला मिशा फुटतात. म्हणून आधी लाखेच्या पॉलिशचा पातळ हात, तो वाळला की अगदी बारीक सँडपेपर, मग लिखाण.

उरलेल्या पट्टीवर दोन पेनं तपासली. परमनंट मार्कर दिसायला झकास, पण त्याचा रंग स्पिरिटमध्ये विरघळतो आणि लाखेचं पॉलिशही स्पिरिटमध्येच कालवलेलं. वरून ब्रश फिरवताच काळ्याचा जांभळा फराटा. रंगद्रव्याच्या शाईचं ०.५ चं ड्रॉइंग पेन मात्र जागचं हललं नाही. (पोथ्यांची काजळीची शाई शतकानुशतकं टिकली, तीही रंगद्रव्याचीच की.)

मुठीच्या वर, तिरंदाजाकडच्या बाजूला लिहिलं: २८ इंचांवर ४५ पौंड (म्हणजे २८ इंच ओढलं की ओढ ४५ पौंडांची), खाली सही, साल. सोनेरी पेनाचा आग्रह घरातून झाला. मला ते लग्नपत्रिकेसारखं वाटतं.

उद्या वरून तेलाचा पहिला हात.