मशीन काहून देत नाही? विचारलंत म्हणून सांगतो

लग्नात विचारता, पोळ्याला विचारता, पानठेल्यावर विचारता, आता तर मोबाइलवरही विचारायला लागले, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. प्रश्न एकच. "ग्राइंडर मागितली तर देत काहून नाही? आम्ही का खाऊन टाकतो मशीन?" काही जण त्याच्याही पुढं जातात अन् म्हणतात की दोन पैसे आले तसा माणूस बदलला. पैसे कुठले आलेत, सोयाबीन काय भावानं गेलं ते तुम्हाला माहीत आहे.

ग्राइंडर म्हणजे लोखंड कापायची, घासायची हातातली मशीन. ती देत नाही हे खरं आहे, ते नाकारत नाही. पण माझ्यामुळं काम अडलं असं एक घर दाखवा. ज्यानं मागितली त्याच्याकडं मी स्वतः मशीन घेऊन गेलो, गेटचे पाइप कापून दिले, टिनाच्या शेडचे अँगल कापले, संडासाच्या दाराची पट्टी घासून दिली, मजुरी घेतली नाही, फक्त डिस्क, म्हणजे कापायची चकती, तुम्ही आणा म्हटलं. तरी तुम्हाला टोचतं ते हेच की मशीन हातात देत नाही. अन् ते काहून टोचतं तेही मला समजतं, मी इथलाच आहे. आपल्याकडं तिफन, डवरा, फवारणीचा पंप, शिडी, ताडपत्री सगळं घरोघर फिरतं. माझ्या आजानं कोणाला वस्तू नाही म्हटलेली मी ऐकली नाही. मीच आधी सांगत फिरायचो की वस्तू ठेवून खराब होते, वापरून होत नाही. तेव्हाच्या मला आज समोर बसवलं तर तो तुमच्याच बाजूनं बोलेल, आणि तो चूक आहे असं मला छाती ठोकून म्हणता येत नाही.

पण डवरा अन् ग्राइंडर सारखे नाहीत. बैल थांबला की डवरा थांबतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरते, म्हणजे डिस्कचा काठ ताशी 200 किलोमीटरच्या वर पळतो, अन् बटन बंद केलं तरी लगेच थांबत नाही, काही सेकंद फिरतच राहते, माणूस नेमका तेवढ्यातच तिला खाली ठेवतो नाहीतर पायाजवळ नेतो.

आता चुलतभावाचं. गावातल्यांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं म्हटलं होतं पण ते थोडक्यात होत नाही.

त्याला गोठ्याचं काम करायचं होतं. थोडे अँगल कापायचे, दोन-चार बल्ल्या कापायच्या. मशीन मी दिली, गार्ड म्हणजे डिस्कवरचं झाकण लावलेली, बाजूचा दांडा लावलेला, पाना सोबत. प्लग काढल्याशिवाय डिस्कला हात लावू नको हेही सांगितलं. त्यानं अँगल व्यवस्थित कापले. मग बल्ल्यांसाठी लाकूड कापायचं दात्याचं ब्लेड आणलं होतं ते लावायचं होतं. ते ब्लेड 110 मिलिमीटरचं असतं, मार्बल कटर म्हणजे फरशी कापायच्या मशीनसाठी बनवलेलं, चार इंचीच्या गार्डमध्ये फिरत नाही, म्हणून लोक गार्डच काढून टाकतात. दुकानात गेलात तर कोणी अडवत नाही, आणि बाजारात लाकूड कापणारा जवळजवळ प्रत्येक जण तसंच वापरताना दिसतो, मग त्याला एकट्याला काय म्हणायचं.

शेवटचा अँगल कापता कापता लाइन गेली. मशीन हातातल्या हातात थांबली. या मशीनचं बटन पुढं सरकवून दाबलं की तिथंच अडकून बसतं, बोट काढलं तरी मशीन चालूच, ती सोय म्हणून दिलेली असते. लाइन गेल्यावर बटन कोण मागं ओढतं? मशीन गप्प आहे म्हणजे बंद आहे असंच कोणालाही वाटेल. त्यानं विचार केला की लाइन येईपर्यंत ब्लेड बदलून घेऊ, तेवढाच वेळ वाचेल. गार्ड काढलं. मागची खटकी, जी दाबली की डिस्क फिरत नाही, ती दाबून पान्यानं नट सोडला, डिस्क काढली, ब्लेड बसवलं, नट आवळला. खटकी सोडली. अन् ब्लेड बरोबर बसलं का, हलते का, म्हणून डाव्या हातानं धरून हलवून पाहिलं.

तेवढ्यात लाइन आली.

मी वावरात होतो. मला फोन केला तो काकूनं, आणि तिच्या आवाजामागं मशीनचा आवाज येत होता. मशीन त्याच्या हातातून सुटून गोठ्यात जमिनीवर पडली होती अन् पडल्यावरही चालूच होती, माती उडवत होती, गोल गोल सरकत होती, कोणाची जवळ जायची हिंमत होईना. तारेला गुंडाळत गुंडाळत ती बल्लीला जाऊन अडकली. मग काकू भिंतीच्या कडेकडेनं बोर्डापर्यंत गेली आणि तिनं प्लग ओढला. मी पोचलो तेव्हा त्याच्या हाताला दुपट्टा गुंडाळलेला होता, पांढरा दुपट्टा होता तो. मी हात वर धरायला लावला, वरून अजून घट्ट बांधलं, गाडी बोलावली, यवतमाळला नेलं. रस्ताभर तो एकच बोलत होता, "लाइन गेली होती ना भाऊ. लाइन तं गेली होती."

दोन बोटांच्या नसा कापल्या गेल्या होत्या, ज्यांनी बोट वळतं त्या. ऑपरेशन झालं, बोटं वाचली. पण वळत नाहीत. तर्जनी थोडी वळते, मधलं बोट सरळच राहते. कापूस वेचणाऱ्याला सांगायची गरज नाही याचा अर्थ काय होतो. बोंडाच्या पाकळ्यांमध्ये बोटं घालून चारी फोडी एका झटक्यात ओढाव्या लागतात, अन् दोन्ही हात दोन बोंडांवर चालले तरच दिवसाचे किलो भरतात. तो आता एका हातानं वेचतो, डाव्यानं फांदी धरतो.

त्यानंतर गावात जे बोलणं झालं ते मला जास्त लागलं. "त्यानं लक्ष नाही दिलं." सगळ्यांनी एका वाक्यात विषय मिटवला. 2017 साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी अन् मजूर गेले, तेव्हाही पहिलं वाक्य हेच होतं, की मास्क लावला नाही, हातमोजे घातले नाहीत. गेलेल्या माणसावर ढकललं की बाकीचे सुटतात. माझा भाऊ हलगर्जी नाही. मोटार जळली तर स्वतः वाइंडिंग उघडून पाहणारा माणूस आहे तो. त्याला फक्त या एका मशीनची सवय नव्हती, आणि मी तोंडानं सांगितलेली गोष्ट त्याच्या हाताला माहीत नव्हती. प्लग काढायची सवय हाताला लागते, ऐकून लागत नाही. म्हणून मी मशीनसोबत येतो. तुमच्यावर विश्वास नाही असं नाही.

बरं, सोबत आलो तरी भांडणं होतातच. एका घरी गेलो तर आतल्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला, भाव वाढायची वाट पाहत ठेवलेला, अन् मला म्हणतात दाराची कडी इथंच कापून दे. ग्राइंडरची ठिणगी कुठच्या कुठं जाते, अन् कापूस वरून लगेच पेटत नाही, आतल्या आत धुमसतो, रात्री कळतं. मी दार काढून रस्त्यावर आणायला लावलं. त्यांना राग आला, पाहुण्यासमोर अपमान केला म्हणाले. दुसऱ्या एकाला मे महिन्यात गळ्यातला दुपट्टा काढायला सांगितला तर तो म्हणे ऊन लागून मरू का. काढच म्हटलं. फिरणाऱ्या मशीनमध्ये दुपट्ट्याचं टोक गेलं तर ते सुटत नाही, माणसाला ओढून घेतं. ड्रिल चालवताना सुती हातमोजे घालू देत नाही तेही याच्यासाठीच. अन् डिस्क आणली की मी उलटसुलट करून वाचतो, तेव्हा तुम्ही हसता. चार इंची कटिंग डिस्कवर 15,200 अशासारखा आकडा असतो, म्हणजे ती मिनिटाला किती फेऱ्या सोसते ते, तो मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच पाहिजे. मधल्या लोखंडी रिंगवर मुदत लिहिलेली असते, महिना अन् साल. पावसाळाभर ओल धरलेली, मुदत गेलेली डिस्क चालता चालता फुटू शकते.

आता तुमच्यापैकी एकानं मला बरोबर पकडलं होतं. ड्रिल तर देतोस ना, मग ग्राइंडरलाच काय झालं? हो, ड्रिल देतो. आपल्या मातीच्या भिंतीत ड्रिलचं फारसं काम पण नसतं, भोक सहज पडतं पण प्लास्टिकचा गुट्टा धरत नाही, भिंत खोदून लाकडाचा गुटका ठोकावा लागतो, तेव्हा कुठं स्क्रू बसतो. कॉलम-बीमवाल्या घरात मात्र लागते. पण ड्रिललाही लॉकचं बटन असते. लाइन तिथंही जाते. मग ड्रिल का देतो, याचं चांगलं उत्तर माझ्याकडं नाही. माझ्या मनात ती रक्त पाहिलेली मशीन नाही, एवढंच असेल.

बायकोचं म्हणणं वेगळं आहे. अशी ग्राइंडर मिळते की जिचा खालचा पट्टा दाबून धरला तरच चालते, हात सुटला की बंद, अन् काहींमध्ये लाइन गेली अन् परत आली तरी आपोआप सुरू होत नाही, पुन्हा बटन दाबावंच लागतं. महाग असते. ती म्हणते तशी घे अन् देत जा लोकांना, रोजचा वाईटपणा संपेल. मी घेईनही. पण गार्ड काढणारा तर तिचंही काढेल.

अन् काकू, जिनं प्लग ओढला, ती म्हणते देत जा बाप्पा, मशीनचा काय दोष, आपल्या घरानं कधी कोणाला नाही म्हटलं का. तिच्यासमोर मला काहीच बोलता येत नाही. भावाला विचारलं तर तो विषय बदलतो.

तर सध्या असं आहे. मशीन पाहिजे असेल तर मला सांगा, एक दिवस आधी सांगा, तुरीच्या सोंगणीचे दिवस सोडले तर कधीही येतो. एक्स्टेंशन बोर्ड माझाच आणतो. ब्लेड बदलताना प्लग तुम्ही काढायचा, तुमच्या हातानं, अन् काढून मला दाखवायचा. एवढ्यावर राग येत असेल तर येऊ द्या.