चार बटणं दाबल्याशिवाय बाहेर यायचं नाही

कोल्हापूर महापालिकेचं मतदान १ नोव्हेंबर २०१५ ला झालं, त्यानंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला. त्यातली शेवटची पाच वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. इतक्या वर्षांनी मत द्यायला मिळालं, तेही नव्या पद्धतीनं: जागा ८१ च, पण प्रभाग २०. १९ प्रभागांत चार-चार नगरसेवक, एकात पाच. एक बटण दाबून बाहेर पडायची आपल्या माणसांची सवय, आणि आता एकाच वेळी चार मतं. पेठेत, गल्लीत कुठल्याही पक्षाचं नव्हे, तर मतदाराचं काम ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी हे लिहितोय.

खरं काम यादीचं. मतदानाच्या दिवशी टेबल मांडून बसणं सोपं, पण तोवर बहुतेक चुका होऊन गेलेल्या असतात. महापालिकेसाठी वेगळी मतदार नोंदणी होत नाही. विधानसभेची यादी घेऊन ती प्रभागांप्रमाणे फोडतात. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. यादी फोडताना हद्दीवरच्या गल्ल्या घोटाळ्यात येतात. रस्त्याच्या अल्याडचं घर पल्याडच्या प्रभागात जातं, कधी नवरा एका केंद्रावर आणि बायको दुसऱ्या. प्रारूप यादी लागली की हरकतींचे मोजके दिवस असतात, आणि त्यात प्रभाग चुकल्याचीच दुरुस्ती होते. विधानसभेच्याच यादीत नाव नसेल तर तिथं काही करता येत नाही. म्हणून पहिल्यांदा आपल्या प्रभागाची सीमा पायी फिरून बघा, आणि काठावरची घरं आधी तपासा.

नाव शोधताना आडनावावर विसंबू नका. यादी आडनावांच्या क्रमानं नसते, शिवाय लग्न झालेल्या बायकांचं नाव बऱ्याचदा माहेरच्या आडनावानं असतं. मतदार ओळखपत्राचा क्रमांक विचारा, त्यानं लगेच सापडतं. चिठ्ठीवर चार गोष्टी ठळक लिहा: प्रभाग, यादी भाग, अनुक्रमांक, शाळेचं नाव खोलीसकट. एका शाळेत पाच-सहा खोल्यांत केंद्रं असतात, आणि खोली न लिहिल्यानं म्हातारी माणसं चुकीच्या रांगेत अर्धा तास उभी राहतात. हे बघवत नाही.

नावापुढे दोन तारे असले तर तो संभाव्य दुबार मतदार. त्यानं कुठल्या केंद्रावर मत देणार ते आधी लिहून दिलेलं नसेल, तर केंद्रावर ‘दुसरीकडे मत दिलेलं नाही’ असं हमीपत्र घेतात. हे आधी सांगून ठेवलं नाही तर माणूस तिथं चिडतो आणि परत जातो.

आता मशीन. पुठ्ठ्यावर प्रभागातल्या चार जागांसाठी चार रंगांचे कागद चिकटवून घ्या: ‘अ’ पांढरा, ‘ब’ फिका गुलाबी, ‘क’ फिका पिवळा, ‘ड’ फिका निळा. त्यावर खऱ्या उमेदवाराचं नाव किंवा चिन्ह अजिबात नको. मावशी, आक्का, आजोबा, सगळ्यांकडून पुठ्ठ्यावर चार वेळा बोट ठेवून घ्या. नुसतं सांगून लक्षात राहत नाही. प्रत्येक जागेला एक बटण, दाबलं की शेजारचा दिवा लागतो. एखाद्या जागेवर कुणीच पसंत नसेल तर त्या जागेचं ‘नोटा’, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ हे बटण. शेवटचं मत झालं की लांब आवाज येतो, तोवर पडद्याआडून बाहेर यायचं नाही. नेमकी चूक इथंच होते. पहिला दिवा लागला की जुन्या सवयीनं माणूस वळतो, मग अधिकारी हाक मारतात, रांग तटते. विधानसभेसारखी चिठ्ठी दिसणारी पेटीही या निवडणुकीत नसते, तिचीही वाट बघत माणसं थांबतात. तेही आधीच सांगा.

वेळेचा हिशेब मांडून बघा. सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच म्हणजे ६०० मिनिटं. समजा केंद्रावर ८०० नावं आणि त्यातली ४८० माणसं आली, तर एकाला सव्वा मिनिट मिळतं. चार बटणं शोधण्यात दोन-दोन मिनिटं गेली की दुपारनंतर रांग आवरत नाही. या वेळी मतदान संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, करिदिनी आलं. घरचं आवरून बायका उशिरानं निघणार हे गृहीत धरून वयस्कर मंडळींना साडेआठच्या आत नेऊन आणलेलं बरं.

केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचाराचा शब्दही नको. रिक्षातून कुणाला नेताना तर मुळीच नको. मोबाईल आत नेता येत नाही, तो घरीच ठेवायला सांगा. ओळखपत्र नसलं तर आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट चालतो.

कुणी बाहेर येऊन म्हणालं, ‘माझं मत आधीच कुणीतरी दिलंय,’ तर त्याला घरी जाऊ देऊ नका. केंद्राध्यक्षांकडे ‘प्रदत्त मत’ असं स्पष्ट नाव घेऊन मागायला सांगा. ओळख पटली की कागदाच्या मतपत्रिकेवर मत देता येतं. बहुतेकांना हा हक्कच ठाऊक नसतो.

साडेपाचला जे आवारात रांगेत आहेत त्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या मिळतात, त्याही शेवटच्या माणसापासून पुढं. म्हणून पाच वाजून वीस मिनिटांनी गल्लीत शेवटची फेरी मारा, आणि जे निघालेत त्यांना फाटकाच्या आत पोचवा.