नऊ लिटरची टाकी आणि कासेलचे चढ
आमच्या बीएमडब्ल्यू आय-३ या विजेवर चालणाऱ्या गाडीतले ६४७ सीसीचे पेट्रोल इंजिन चाके फिरवत नाही, ते फक्त बॅटरीसाठी वीज बनवणारे जनित्र चालवते. म्हणूनच हँबर्गहून वुर्झबुर्गला जाताना ए-७ महामार्गावर कासेलचे चढ लागण्याआधीच, बॅटरी पाऊण हिश्श्याखाली उतरली की मी ते मुद्दाम सुरू करून ठेवतो. चाके फिरवणारी विजेची मोटर १२५ किलोवॅटची, इंजिन जेमतेम २८ चे. तेव्हा चढावर लागणारी जास्तीची ताकद बॅटरीनेच पुरवायची असते, आणि ती तळाला गेलेली असेल तर वेग मंदावणारच. टाकी अवघी ९ लिटरची, त्यामुळे पंप सारखा गाठावा लागतो. सात लिटरचे पैसे द्यायला गेलो की काउंटरवरच्या बाई बाहेर मोटारसायकल शोधतात! चार्जर मोकळा असेल तर मात्र मी पेट्रोलच्या वाटेला जात नाही.