इनवर्डच्या टेबलावरून

आमच्या कॉलनीजवळ नवीन सुपरमार्केटचा बोर्ड लागला की बायका हमखास मला विचारतात, "काय गं, टिकंल का हे?" मला काही ज्योतिष येत नाही. पण तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, माझी सगळी नोकरी अशा साखळी दुकानांतच झाली. आणि एका दुकानातून दुसरीकडे मी कधी राजीनामा देऊन गेले नाही. दर वेळी दुकानच गेलं.

सुरुवातीला काउंटरला होते. दिवसभर उभं राहायचं, बारकोड मारायचे, "कॅरीबॅग पाहिजे का?" विचारायचं. पाय सुजायला लागले म्हणून इनवर्डला टाकलं, आणि तिथंच मी रमले. इनवर्ड म्हणजे दुकानाचा मागचा दरवाजा. बाहेर छोटा हत्ती लागतो, डिस्ट्रीब्युटरचा पोरगा बिल पुढं करतो, हमालमामा खोकी उतरवतात. मी नग मोजायचे, एमआरपी आणि एक्सपायरी बघायचे. आठ खोक्यांच्या जागी सात निघाली तर बिलावर लाल पेनानं 'शॉर्ट' लिहून त्या पोराची सही घ्यायचे. शेवटी कॉम्प्युटरवर जीआरएन काढायचं, म्हणजे माल पोचल्याची नोंद. व्यापाऱ्याचे पैसे मिळायचे दिवस तिथून मोजले जातात.

गिऱ्हाईक दुकान पुढून बघतं. गर्दी किती, ऑफर काय, एसी गार लागतो का. त्यावरून काही कळत नाही. घेतलेल्या मालाचे पैसे वेळेवर जातात का, एवढंच बघायचं असतं, आणि ते फक्त मागून दिसतं.

शहर वाढलं, हे तर खरंच. 1991 च्या जनगणनेत पावणेसहा लाखांच्या आत होतं, 2011 ला पावणेबारा लाख झालं. माझ्या सासूबाई किराण्याला गुलमंडी-शहागंज सोडून कुठं गेल्या नाहीत, आणि वर्षाचं धान्य मोंढ्यातून. मग सिडकोचे सेक्टर भरले. 1985 मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला तशी तिकडं वस्ती सरकली. नंतर गारखेडा, बीड बायपास, सातारा-देवळाई. एवढी माणसं जुन्या दरवाजांच्या बाहेर राहायला गेल्यावर मोठमोठ्या कंपन्यांना नकाशावर हे गाव दिसायला लागलं. 2012 साली केंद्रानं परदेशी कंपन्यांना अशा दुकानांत निम्म्याहून जास्त, 51 टक्के, भागीदारी घ्यायला परवानगी दिली, तेव्हा दहा लाखांवर लोकसंख्येची शहरं ही अट होती. आम्ही त्यात बसत होतो. आमच्या तेव्हाच्या मॅनेजर सरांना त्याचा केवढा अभिमान! जशी काही घरोघर फिरून मोजणी त्यांनीच केली होती.

पण नकाशावर गाव दिसतं, गावातलं दिसत नाही. हेड ऑफिसचा फोन यायचा, अमक्या दिवशी सकाळचा सेल एवढा पडला कसा? स्टाफ लेट आला का? अहो, त्या सकाळी आमच्या भागात नळाला पाणी होतं! जायकवाडी एवढं जवळ असून आमच्याकडं कित्येक दिवसांनी एकदा पाणी येतं. ड्रम, टाकी, कळशा भरायच्या सोडून कोणती बाई शाम्पूची ऑफर बघायला येईल? मी हे मेलवर लिहून पाठवलं होतं. उत्तर आलं, "रीझन नॉट ॲक्सेप्टेबल."

ज्वारीचं तर विचारूच नका. आमच्याकडची बाई ज्वारी कशी घेते ते मी रोज बघितलंय. स्कूपला हात लावत नाही. मूठभर दाणे तळहातावर पसरते, फुंकर मारते, एक दाणा दाताखाली धरून फोडते. कट्ट वाजला तर माल कोरडा, घरात राहणारा. दाणा नुसताच दबला तर ओला, पोरकिडे होणार. मग वास घेते. एखादा दाणा काळपट दिसला की, "पावसात सापडलेली दिसायली," म्हणून हात झटकून पुढच्या पोत्याकडं. आणि हेड ऑफिसनं आम्हाला पाठवली काय, तर पाच किलोच्या बंद पिशवीतली ज्वारी, वर हिरव्यागार शेताचा फोटो. पिशवीतली ज्वारी दाताखाली कशी धरणार? त्या पिशव्या पडून राहिल्या, आतून पीठ गळायला लागलं, आणि शेवटी मीच त्या डॅमेजमध्ये लिहिल्या.

एका एरिया मॅनेजरनं मात्र ऐकलं. मोंढ्यातून मालदांडी ज्वारीची पोती आणून उघडी ठेवली. आठवडाभरात खपली. पण आडत्याला आपलं रोखीचं गणित. त्याला जीआरएन दाखवून महिनाभर थांब म्हटलं तर तो दुसरं पोतं देत नाही. संध्याकाळपर्यंत कुणाच्या हातात पैसे द्यायची सोय कंपनीच्या कॉम्प्युटरमध्येच नव्हती. ज्वारी बंद झाली, परत शेताच्या फोटोवाल्या पिशव्या आल्या. एरिया मॅनेजरची नाशिकला बदली झाली.

आता दुकान आजारी पडतं ते कसं कळतं, ते सांगते. सगळ्यात आधी बिस्किटवाल्या पोराची भाषा बदलते. आधी तो म्हणत असतो, "ताई, स्कीम आली, पन्नास खोकी टाकू का?" मग एक दिवस म्हणतो, "ताई, मागच्या तीन बिलांचं काय झालं, बघा ना जरा." मी काय बघणार? माझ्याकडं टेबल आहे, तिजोरी नाही, पैसे सोडणारी माणसं दुसऱ्या शहरात. मग पुढच्या खेपेला तो माल खाली उतरवतच नाही. टेम्पोत बसून राहतो. "शेठ म्हणालेत, चेक हातात पडल्यावरच उतरव."

यातही एक क्रम असतो, तो मला फार उशिरा लक्षात आला. माल आधी थांबवतात त्या दांडग्या कंपन्या: तेल, साबण, लहान बाळांची दूध पावडर. त्यांचं तुमच्या एका दुकानावाचून काहीच अडत नाही. लहान व्यापारी बिचारा देत राहतो. त्याचे जुने पैसे अडकलेले असतात, पुरवठा तोडला तर जुनं बुडेल ही भीती. म्हणून आजारी दुकानात रॅक रिकामे दिसत नाहीत, उलट नको त्या मालानं भरलेले दिसतात. कधी नाव न ऐकलेलं केचप, तीन-तीन रॅक भरून फिनेलच्या बाटल्या. रोज सकाळी मॅनेजर ओरडतात, "फेसिंग ओढा!" म्हणजे मागचे पुडे कडेला आणून एका ओळीत मांडायचे, रॅक भरल्यासारखा दिसतो. तुम्ही पुडा उचलून मागं हात घाला, कोपरापर्यंत आत जातो.

त्यानंतर क्रीम-पावडर हातावर लावून दाखवणाऱ्या प्रमोटर पोरी यायच्या बंद होतात. फ्रीजरवर 'मेंटेनन्स चालू' असा कागद चिकटतो आणि तो कागद पिवळा पडेपर्यंत निघत नाही. दोन एसींतला एकच चालतो. आणि एवढं होईपर्यंत पुढं गर्दी आहेच! कंपन्यांचे पगार झाले की वाळूजची माणसं बायका-पोरं घेऊन येताहेत, रमजानात खजूर-शेवयांसाठी, दिवाळीत रवा-मैद्यासाठी ट्रॉली मिळत नाही. सगळ्यात मोठी गर्दी कधी होते माहितीय? शेवटच्या 'स्टॉक क्लिअरन्स'ला. कर्णपुऱ्याच्या यात्रेसारखी. लोक रॅकच्या पट्ट्यासुद्धा किती रुपयांना द्याल म्हणून विचारत होते.

हे आमच्याच गावात होतं असं नाही. सुभिक्षा आठवतं? 1997 ला चेन्नईत सुरू झालं, 2008 पर्यंत देशात सोळाशेच्या आसपास दुकानं, आणि 2009 मध्ये शटर. कर्ज काढून दुकानं वाढवत गेले, हातातली रोकड संपली. पुरवठादार, भाडं, पगार, सगळंच थकलं. बिग बझारला तर काय, 26 जानेवारीच्या 'सबसे सस्ते दिन'ला लोक दारं मोडायचे बाकी ठेवायचे. ऑगस्ट 2020 मध्ये त्यांचा धंदा 24,713 कोटींना रिलायन्सला विकायचं ठरलं, ॲमेझॉननं ते कोर्टकचेरीत नेलं. तोवर बऱ्याच जागांचे भाडेकरार रिलायन्सच्या हातात गेलेले, आणि भाडं थकलेलं. फेब्रुवारी 2022 च्या शेवटी रिलायन्सनं दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली. दोन महिन्यांत मूळ सौदाच मोडला, पण दुकानं गेली ती गेली. आज तशाच जागांवर स्मार्ट बझारचे बोर्ड आहेत.

डीमार्टचा मागचा दरवाजा मी आतून बघितलेला नाही. पण डिस्ट्रीब्युटरची पोरं माझ्या टेबलाशी चहा प्यायची तेव्हा बोलायची. भाव घासून-घासून घेतात, पण पैसे लवकर सोडतात. शेठ तिथला माल आधी भरायला लावतो. शिवाय बहुतेक जागा स्वतःच्या मालकीच्या, म्हणजे दर महिन्याला भाड्याची टांगती तलवार नाही. 2002 ला मुंबईत पवईला पहिलं दुकान, आणि 2017 ला शेअर बाजारात आले तेव्हा पंधरा वर्षांत 131 दुकानं. सुभिक्षाच्या सोळाशेशेजारी हा आकडा ठेवून बघा. मला स्वतःला तिथली रांग सोसत नाही, आणि पाहिजे तो चहा मिळेलच याची खात्री नाही. पण ते टिकले यात मला काही नवल वाटत नाही.

सगळ्यात वाईट वाटतं ते बचत गटाच्या बायकांचं. एका दुकानात 'स्थानिक उत्पादनं' म्हणून कोपरा केला होता. फुलंब्रीकडच्या एका गटाचे पापड-कुरडया, शेंगदाण्याची चटणी. फोटो काढले, फीत कापली. उन्हाळ्यात माल घेतला, पोळा झाला तरी पैसे नाहीत. त्यातल्या एक मावशी एसटीनं यायच्या आणि माझ्या टेबलासमोर खोक्यावर बसून राहायच्या. भांडायच्या नाहीत, हेच जड जायचं. नंतर मला कळलं की सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे असा 2006 पासून कायदाच आहे, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. मुदत चुकली तर चक्रवाढ व्याज. त्यासाठी उद्योग म्हणून नोंदणी मात्र केलेली पाहिजे; गटांनी आधी ती करून घ्यावी, फुकट होते. मावशींना त्या दुकानाकडून अर्धे पैसे मिळाले, उरलेल्याच्या बदल्यात त्यांनी चटणीच्या बरण्या परत नेल्या. निम्म्या एक्सपायर झालेल्या.

माझंही एका ठिकाणी तसंच. शेवटच्या महिन्याचा पगार बुडाला, आणि पीएफ कापून घेतलेला, पण भरलेलाच नव्हता. पासबुक उघडून बघितलं तेव्हा कळलं. आपला पीएफ दर महिन्याला मोबाइलवर बघत जा, एवढं तरी करा.

या सगळ्यात आमच्या कोपऱ्यावरचा किराणावाला जागचा हलला नाही. लोक म्हणतात तो उधार देतो म्हणून टिकला. अर्धंच खरं आहे. तो देतो उधार, पण घेतो रोख. सकाळी मोंढ्यात जाऊन, नोटा मोजून, स्वतःच्या गाडीवर पोतं बांधून आणतो. जागा वडिलांची. ज्वारी उघडी. आता दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲपं आलीत, त्यांना माझा भाचाही भुलला आणि त्यांच्या गोदामात पॅकिंगला लागला. मी त्याला विचारलं, माल आणणारी पोरं कुरकुरतात का? तो म्हणाला, "मावशी, मला वरती बघायलाच वेळ नसतो."

मला बायपासच्या एका नव्या दुकानातून बोलावणं आलं होतं. टॅब घेतलेला एक पोरगा समोर, शर्ट कडक इस्त्रीचा. "मॅडम, एक्स्पेक्टेशन काय?" म्हटलं, ते नंतर, आधी सांगा व्हेंडरचं पेमेंट किती दिवसांत करता? तो टॅबमध्ये बघत राहिला. म्हणाला, "ते हेड ऑफिस बघतं." बरं, मग इनवर्ड दाखवा. मागं गेलो. वजनकाटा अजून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, उतार छान केलेला, पण वरती छप्परच नाही! जूनमध्ये साखरेची पोती उतरवणार कुठं? त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं फोटो काढून कुणाला तरी पाठवला. म्हटलं, पत्रे टाकले आणि ते पेमेंटचं विचारून ठेवलं की फोन करा, मग पगाराचं बोलू.